पायालाही नाडी असते, माहीत आहे?

*गुडघा निखळला, एक्स-रे ‘नॉर्मल’ आला आणि रात्र निघून गेली. साक्रीजवळच्या हायवेवरच्या एका अपघातातून शिकलेली गोष्ट : तुटलेली मोठी रक्तवाहिनी शिवता येते, पण तिच्यासोबत एक घड्याळही चालू असतं.*

हे वाचता वाचता एक काम करा. चप्पल-बूट काढा. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेतून घोट्याच्या दिशेने वर या. पायाच्या पाठीवर, साधारण मधोमध, दोन बोटं हलकेच टेकवा. जोरात दाबू नका. टुक-टुक लागतंय? नाही लागलं तर आतल्या बाजूच्या घोट्याच्या हाडामागे बोटं ठेवून बघा.

ती तुमच्या पायाची नाडी. हृदयातून निघालेलं रक्त पोट, मांडी, गुडघा असा प्रवास करत शेवटच्या स्टॉपपर्यंत पोहोचलं, याची ती पावती.

मला ही नाडी गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हती. कॉलेजच्या कट्ट्यावर विचारलं तेव्हा बहुतेकांनी मनगटच पुढे केलं. आमच्या आत्यालाही माहीत नव्हती. तिला माहीत असती, तर कदाचित माझा आतेभाऊ आज दोन्ही पायांवर उभा असता. ‘कदाचित’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. पण तो शब्द आमच्या घरात अजून कोणाला पचलेला नाही.

रात्री सव्वाआठ ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा

दादा २४ वर्षांचा. आयटीआय झालेला. दहिवेलकडून साक्रीला बाइकवर येत होता. पुढे कांद्याने भरलेली ट्रॉली होती, मागे ना लाइट, ना रिफ्लेक्टर. आपल्या सुरत-नागपूर हायवेवर रात्री गाडी चालवणाऱ्याला हे दृश्य सांगायची गरज नाही. ब्रेक दाबला, गाडी घसरली, आणि उजवा पाय गुडघ्यातून भलत्याच दिशेला वळला. धावत आलेल्या लोकांनी पाय सरळ केला. ‘कट्’ असा आवाज होऊन गुडघा जागेवर बसला. सगळ्यांना वाटलं, चला, काम झालं.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. हाड मोडलेलं नव्हतं. स्लॅब बांधली, वेदनेचं इंजेक्शन दिलं, आणि ‘सकाळी मोठे डॉक्टर बघतील’ असं सांगितलं. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फ्रॅक्चर नाही म्हणजे नशीबच.

रात्री एकच्या सुमारास दादा म्हणाला, बोटं सुन्न पडली आहेत. ‘पट्टी घट्ट झाली असेल’, असं उत्तर मिळालं. तीन वाजता आत्याने पांघरूण नीट करताना पायाला हात लावला आणि दचकली. “पाय थंडा पडी गया,” ती मामांना म्हणाली. डावा पाय कोमट, उजवा बर्फासारखा. पट्टी सैल केली गेली. पाय तसाच.

पहाटे पुढच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी पायाच्या पाठीवर बोटं टेकवली. तीच जागा, जी तुम्ही आत्ता शोधलीत. मग घोट्यामागे. मग त्यांनी आत्याला विचारलं, “अपघात किती वाजता झाला?” आत्याने सांगितलं. ते काही बोलले नाहीत, थेट फोन लावायला गेले.

नाशिकला ऑपरेशन टेबलवर दादाला घेतलं तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. म्हणजे जवळपास सोळा तास. सर्जननी दुसऱ्या पायातली शीर काढून बायपास केला, रक्त पुन्हा सुरू झालं. पण पोटरीचे स्नायू आधीच मेलेले होते. पाचव्या दिवशी, जीव वाचवायचा म्हणून, पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

हाड शाबूत, मग पाय का गेला?

शाळेत आपण रोहिणी आणि नीला शिकलो. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी म्हणजे धमनी, परत आणते ती नीला. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी ती महाधमनी. ती पोटात बेंबीच्या आसपास दोन फाट्यांत विभागते आणि एकेक फाटा एकेका पायाकडे जातो. हाच फाटा मांडीतून उतरून गुडघ्याच्या मागच्या खळग्यातून पोटरीत शिरतो.

गोम या खळग्यात आहे. इथे ही धमनी वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला, दोन्हीकडे घट्ट जखडलेली असते. दोन खुंट्यांना ताणून बांधलेल्या दोरीसारखी. गुडघा निखळला की हाड सरकतं, पण दोरीला सरकायला जागाच नसते. ती ताणली जाते. पुष्कळदा बाहेरून तुटत नाही, आतलं अस्तर फाटतं. फाटलेल्या अस्तरावर रक्ताची गुठळी बसते आणि रस्ता बंद होतो. बाहेर रक्ताचा थेंब नाही, एक्स-रेत काही नाही, आणि निखळलेला गुडघा कधी कधी आपोआप जागेवर बसतो. त्यामुळे फोटोत सगळं ‘नॉर्मल’ दिसतं. एक्स-रे हाड दाखवतो, वाहणारं रक्त दाखवत नाही.

रक्त थांबल्यावर नसा आधी कुरकुरतात. म्हणून मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मग स्नायू. साधारण सहा तासांनंतर स्नायूंचं नुकसान कायमचं व्हायला लागतं. हे सहा तास म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. आजूबाजूच्या छोट्या रक्तवाहिन्यांमधून थोडं रक्त मिळत असेल तर वेळ वाढतो, जखम मोठी असेल तर कमी होतो. पण जगभरातले सर्जन डोळ्यासमोर हेच घड्याळ ठेवतात.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. उशिरा रक्त सोडलं तर तेही धोक्याचं असतं. मेलेल्या स्नायूंतली घाण रक्तात मिसळून किडनी आणि हृदयावर आदळते. पोटरीचे स्नायू सुजतात आणि त्यांच्यावरचं आवरण ताणून बसल्याने आतल्या आत पुन्हा दाबले जातात. म्हणून सर्जन अनेकदा पोटरीला लांब चिरे देऊन ते आवरण उघडं करतात. दादाच्या पायाला तसे चिरे बघून आत्या घाबरली होती. तो उपचाराचाच भाग होता, हे तिला नंतर कळलं.

शिवणकामातून आलेली सर्जरी

पण नळीसारखी, सतत रक्त वाहणारी, ओली आणि लवचिक गोष्ट शिवायची कशी? सव्वाशे वर्षांपूर्वी हे फारसं कोणाला जमत नव्हतं.

जून १८९४. फ्रान्सच्या लियाँ शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर चाकूहल्ला झाला. पोटातली मोठी रक्तवाहिनी कापली गेली आणि ती शिवता येत नाही म्हणून ते गेले. त्याच शहरात अलेक्सिस कॅरेल नावाचा मुलगा डॉक्टरकी शिकत होता. वय आपल्याएवढंच, विशी-एकविशी. रक्तवाहिनी शिवता आली असती तर माणूस वाचला असता, हे त्याच्या डोक्यात बसलं. सर्जनकडून उत्तर मिळेना, म्हणून तो लियाँमधल्या भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे शिकायला गेला. बारीक सुई, बारीक रेशीम, हलका हात.

त्याची युक्ती ऐकायला सोपी आहे. गोल तोंड शिवणं अवघड, कारण सुई समोरच्या बाजूला अडकते. म्हणून त्याने गोलाच्या कडेवर समान अंतरावर तीन टाके घातले आणि ते ताणले. गोलाचा त्रिकोण झाला. त्रिकोणाची सरळ बाजू शिवायला सोपी. १९०२ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

शिवणकामाचा धागा इथे संपत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी नावाचे सर्जन खराब झालेल्या महाधमनीच्या जागी कापडाची नळी बसवायच्या विचारात होते. ते दुकानात नायलॉन आणायला गेले, नायलॉन संपलेलं होतं, म्हणून नवीनच आलेलं डेक्रॉन घेतलं आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळी शिवली. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. आपल्या शर्टात असतं तेच घराणं. आजही महाधमनी बदलताना बसवतात ती नळी बहुतेक वेळा पॉलिएस्टरची असते. याच डिबेकींना २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, महाधमनी आतून फाटण्याचा आजार झाला. त्यांनीच रुळवलेल्या पद्धतीची सर्जरी त्यांच्यावर झाली आणि ते वाचले.

तिसरी गोष्ट थॉमस फोगार्टीची. शाळेत असल्यापासून तो हॉस्पिटलात हाताखालची कामं करायचा. धमनीतली गुठळी काढायला सर्जन लांबलचक चिरे देतात आणि तरी पाय जातात, हे त्याने बघितलं होतं. त्याने बारीक नळीच्या टोकाला सर्जिकल ग्लोव्हच्या करंगळीचा तुकडा बांधला. मासे पकडण्याच्या गळावर दोरा गुंडाळतात तसा. नळी गुठळीच्या पुढे सरकवायची, फुगा फुगवायचा, मागे ओढायचा, गुठळी बाहेर. १९६१ पासून ही नळी माणसांवर वापरली जाऊ लागली. आज तिला ‘फोगार्टी’ म्हणूनच ओळखतात.

सुई एकटी पुरत नाही

दुसऱ्या महायुद्धात कॅरेलची पद्धत सगळ्यांना माहीत होती. तरी डिबेकी आणि सिमियोन या दोघा सर्जननी १९४६ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या २,४७१ धमनीच्या जखमांचा हिशोब मांडला, तेव्हा चित्र वाईट होतं. धमनी शिवायचा प्रयत्न झाला होता फक्त ८१ ठिकाणी. बाकी ठिकाणी ती बांधून टाकली होती. जवळपास निम्म्या जखमींचा हात किंवा पाय गेला. गुडघ्यामागची धमनी गेली असेल तर चारातल्या जवळपास तिघांचा पाय गेला.

कोरियाच्या युद्धात, म्हणजे १९५० नंतर, हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आलं. सुई तीच, धागा तोच. मोठा फरक होता तो हेलिकॉप्टरचा आणि आघाडीजवळ उभ्या केलेल्या फिरत्या ऑपरेशन थिएटरचा. जखमी माणूस वेळेत टेबलवर पोहोचायला लागला आणि धमनी बांधण्याऐवजी शिवली जाऊ लागली.

हे आकडे वाचताना मला साक्रीचा नकाशा दिसत होता. साक्रीत ग्रामीण रुग्णालय आहे. पन्नासएक किलोमीटरवर धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९८९ पासूनचं. त्यापुढे नाशिक दीडशेहून जास्त किलोमीटर. दुसऱ्या बाजूला कोंडाईबारीचा घाट उतरून सुरत. पिंपळनेरच्या वरच्या पाड्यांवरून निघालेल्या माणसाला तर साक्री गाठायलाच वेळ लागतो. रक्तवाहिन्यांचे खास सर्जन मुख्यतः मोठ्या शहरांत बसतात. एमबीबीएस, मग एमएस, मग आणखी तीन वर्षांचं सुपर-स्पेशालिटी शिक्षण. एवढं शिकलेला माणूस आपल्या तालुक्यात लगेच येईल, असं म्हणणं खोटं ठरेल.

पण घड्याळ हाताशी असताना करण्यासारख्या गोष्टी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच स्वस्त आहेत. पायाची नाडी बघायला दोन बोटं लागतात. दोन्ही पायांतला फरक मोजायला बीपीचा पट्टा आणि हातात मावणारा डॉपलर लागतो. घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी यांचा भागाकार करायचा. तो ०.९ पेक्षा कमी आला तर धमनीत अडथळा असल्याचा संशय घ्यायचा आणि सीटी अँजिओग्राफीकडे किंवा थेट सर्जनकडे पाठवायचं. युद्धातून आलेली आणखी एक युक्ती म्हणजे शंट : तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांमध्ये तात्पुरती प्लास्टिकची नळी बसवायची. जनरल सर्जन हे करू शकतो. रक्त चालू राहतं आणि पेशंटला पुढच्या शहरात नेण्याएवढा वेळ मिळतो. कायमची दुरुस्ती नंतर.

नाडीच नसलेल्या मुली

आता जरा मुंबईकडे. धमनी फक्त अपघातात बिघडत नाही.

१९०८ मध्ये जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर मिकितो ताकायासू यांनी २१ वर्षांच्या एका तरुणीची केस मांडली. तिच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या विचित्र गोल जाळ्यासारख्या झाल्या होत्या. अशा पेशंटच्या मनगटाची नाडीच लागत नाही, हे इतर डॉक्टरांच्या लक्षात आलं. महाधमनी आणि तिच्या फाट्यांना आतून सूज येते, भिंत जाड होते, नळी अरुंद होते. हा आजार प्रामुख्याने तरुण मुलींना होतो, आणि आशियात जास्त दिसतो.

परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्यासमोर असे पेशंट येत होते. हे तेच डॉ. सेन, ज्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातल्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो पेशंट काही तासच जगला, पण त्या ऑपरेशनमुळे त्यांचं नाव सगळ्यांना कळलं. धमन्यांवरचं त्यांचं काम मात्र कमी लोकांना माहीत आहे. सर्जन डॉ. गुरुकुमार परुळकर, पॅथॉलॉजीचे डॉ. किणारे आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी १९६३ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये महाधमनीचा मधला, पोटातला भाग अरुंद होणाऱ्या पेशंटबद्दल लिहिलं. १९७३ मध्ये अशा १०१ पेशंटच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक आलं. हा आजार आपल्याकडे कसा दिसतो, हे त्यांनी आपल्याच पेशंटवरून मांडलं.

इथे सर्जरी दुसऱ्या प्रकारची असते. अरुंद भागाला वळसा घालून नवी नळी जोडायची, गावाबाहेरून बायपास काढतात तसा. आता पुष्कळदा फुग्याने रस्ता रुंद करतात. पण आधी औषधांनी सूज शांत करावी लागते. पेटलेल्या भिंतीत टाका टिकत नाही.

आपल्या कामाची गोष्ट ही : विशी-पंचविशीतल्या मुलीचं बीपी खूप जास्त निघालं, दोन हातांच्या बीपीत मोठा फरक आला, केस विंचरताना किंवा कपडे वाळत घालताना हात भरून यायला लागला, अधूनमधून ताप येतो आणि वजन उतरतंय, तर ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घे’ एवढ्यावर थांबू नका. दोन्ही हातांची आणि दोन्ही पायांची नाडी बघायला सांगा. आपल्याकडे मुलींच्या थकव्याचं कारण ‘रक्त कमी’ किंवा ‘लग्नाचं टेन्शन’ यापलीकडे शोधलं जात नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

बिडी, आणि काळं पडलेलं बोट

त्याच १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गर या डॉक्टरने कापलेले पाय तपासून दुसरा एक आजार मांडला. तो मुख्यतः तरुण पुरुषांचा आणि जवळजवळ नेहमीच तंबाखूवाल्यांचा. आपल्या भागात बिडी ओढणारे कमी नाहीत, त्यामुळे हा आजार ओळखीचा वाटेल. चालताना तळपाय किंवा पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. मग रात्री बसल्या जागीही दुखतं. मग बोटाच्या टोकाला न भरणारी जखम, आणि एक दिवस बोट काळं. घरात म्हणतात वात आहे, नस दबली आहे, मणक्यात गॅप आहे. तेल चोळण्यात महिने जातात.

या आजारात सर्जनचे हात बांधलेले असतात. बंद पडतात त्या पोटरी-पावलातल्या बारीक धमन्या, आणि बायपासची नळी जोडायची तर पुढे उघडा रस्ता लागतो. तोच नसेल तर जोडायची कुठे? इथलं सगळ्यात खात्रीचं औषध म्हणजे तंबाखू पूर्ण बंद. कमी नाही, बंद. बिडी सोडून गुटखा किंवा तंबाखू-चुना सुरू केला तरी उपयोग नाही, कारण शरीराला तंबाखूशीच वैर आहे.

मोठ्या वयात, शुगर आणि बिडी एकत्र असतील तर मांडीच्या किंवा पोटातल्या मोठ्या धमन्यांत चरबी साचते. तिथे मात्र बायपास किंवा स्टेंट चांगलं काम करतो.

आणि एक आजार उलट्या दिशेचा. पोटातली महाधमनी अरुंद होण्याऐवजी जुन्या ट्यूबसारखी फुगते. हा फुगवटा बहुतेकदा काहीच त्रास देत नाही, फुटला की मात्र वेळ मिळत नाही. अल्बर्ट आइनस्टाइन यांना हाच आजार होता. १९४८ मध्ये सर्जन रुडॉल्फ निसन यांनी तो फुगवटा चक्क सेलोफेनमध्ये गुंडाळला. १९५५ मध्ये तो फुटायला लागला तेव्हा आइनस्टाइन यांनी पुन्हा ऑपरेशन नाकारलं आणि ते गेले. आज असा फुगवटा पोटाच्या साध्या सोनोग्राफीत दिसतो. १९९० मध्ये अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी पोट न फाडता, जांघेतून घडी केलेली कापडी नळी आत नेऊन उघडायची पद्धत सुरू केली. घरात आयुष्यभर बिडी ओढलेले साठीपुढचे आबा असतील तर त्यांची एक सोनोग्राफी करून घ्या.

पैशांचं काय?

हा प्रश्न आमच्या घरी रात्री तीन वाजता पडला होता. पुढे न्यायचं तर किती लागतील, कोणाकडून आणायचे, यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास वाचवता आला असता.

राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा फक्त आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आपला धुळे जिल्हा होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या अनेक सर्जरी यात बसतात. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठायचं. रेशनकार्डाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. अपघात झाल्यावर कपाटाची किल्ली सापडत नाही, हे अनुभवाने सांगतेय. आणि १०८ ची अॅम्ब्युलन्स आपल्याकडे २०१४ पासून आहे. ती फुकट आहे, तिच्यात डॉक्टर असतो.

अपघातानंतर हे लक्षात ठेवा

• रक्त उडत असेल तर स्वच्छ कापडाने थेट जखमेवर दाबा आणि दाबून ठेवा. दर मिनिटाला उचलून बघू नका.

• हळद, चुना, चहापावडर, माती काही भरू नका.

• वायर किंवा रुमाल करकचून बांधणं हा शेवटचा उपाय. दाबूनही रक्त थांबत नसेल तरच रुंद पट्ट्याने जखमेच्या वर बांधा, आणि बांधल्याची वेळ पेनाने कपाळावर किंवा हातावर लिहा.

• वाकडा झालेला हात-पाय ओढून सरळ करू नका. आहे तसा आधार देऊन न्या. गुडघा निखळून परत बसला असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

• दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. एक थंड, फिका, बधिर आहे का? बोटं हलतात का? दुखणं इंजेक्शननंतरही वाढतंय का? काही लोकांना पायाच्या पाठीवरची नाडी जन्मापासूनच लागत नाही, म्हणून दुसऱ्या पायाशी तुलना महत्त्वाची.

• नाडी लागली तरी निर्धास्त होऊ नका. धमनीला इजा असूनही काही वेळा नाडी लागते, म्हणून तासातासाने पुन्हा बघा.

• डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : “पायाची नाडी लागतेय का?” हा उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो.

दादाच्या दुकानात

दादाने आता साक्रीत मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान टाकलंय. कृत्रिम पाय लावून तो दिवसभर स्टुलावर बसतो. बाइक अजून चालवत नाही, पण तीनचाकीचं मनात आहे. हा लेख लिहायची परवानगी मागायला गेले तेव्हा तो कुणाच्या तरी फोनची डिस्प्ले पट्टी जोडत होता. भिंगाखाली, चिमट्याने, श्वास रोखून. मी त्याला कॅरेल आणि भरतकामवाल्या बाईंची गोष्ट सांगितली. त्याला ती फार आवडली. “म्हणजे माझंच काम,” तो म्हणाला.

मी विचारलं, त्या पहिल्या दवाखान्याचा राग येतो का? थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला की सुरुवातीला यायचा, अजूनही कधी कधी येतो. पण त्या रात्री खोलीत आम्ही सहा माणसं होतो, आणि सहांपैकी एकालाही ती जागा माहीत नव्हती.

दुकानात एक पोरगा आईसोबत आला होता, खेळताना गुडघ्यावर पडलेला, लंगडत होता. काळजी करण्यासारखं काही दिसत नव्हतं. तरी दादाने त्याला स्टुलावर बसवलं, चप्पल काढायला लावली आणि पायाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली. मग दुसऱ्या पायावर. मग मान हलवली आणि त्याला चॉकलेट दिलं.

निघताना मी विचारलं, लेखात काय लिहू? तो अहिराणीत म्हणाला, “पेपरमा लिखस त इतलंच लिख. पायनी नाडी देखत जा.”